डॉ. पंजाबराव देशमुख : शेतकऱ्याचं गणित मांडणारे भाऊसाहेब



२७ डिसेंबर जवळ आला की आपल्या शाळांमध्ये भाऊसाहेबांच्या जयंतीची भाषणं सुरू होतात. मुलं जन्मगाव, पदव्या, मंत्रिपद, सगळं पाठ करून येतात, टाळ्या घेतात आणि खाली बसतात. पण एक प्रश्न राहूनच जातो. ऑक्सफर्डची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी घेऊन परतलेला हा माणूस आयुष्यभर शेतकऱ्याचं कर्ज, शेतमालाचा भाव आणि शेतकऱ्याच्या पोरांची शाळा याच तीन गोष्टींमागे का लागला? या लेखात आपण त्यांचं चरित्र या प्रश्नाच्या अंगाने पाहणार आहोत. बुलढाणा जिल्ह्यातल्या आपल्या शाळांमधली बरीचशी मुलं शेतकऱ्यांच्या किंवा शेतमजुरांच्या घरातून येतात. त्यामुळे हा विषय आपल्याला परका नाही.

थोडक्यात परिचय

- पूर्ण नाव : पंजाबराव शामराव देशमुख (सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत)
- जन्म : २७ डिसेंबर १८९८, पापळ, जि. अमरावती
- आई-वडील : राधाबाई आणि शामराव
- शिक्षण : एडिनबरो विद्यापीठाची एम. ए., ऑक्सफर्डची डॉक्टरेट, बॅरिस्टर
- मुख्य काम : शेतकरी संघटन, कर्ज लवाद कायदा, श्री शिवाजी शिक्षण संस्था (१९३२), भारत कृषक समाज (१९५५), जागतिक कृषी प्रदर्शन (१९५९-६०)
- निधन : १० एप्रिल १९६५, दिल्ली

त्या वेळचा वऱ्हाड कसा होता?

भाऊसाहेब समजून घ्यायचे तर आधी त्या काळचा वऱ्हाड डोळ्यांपुढे आणावा लागतो. वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ आणि आपला बुलढाणा. आजचा वाशिम जिल्हा तेव्हा अकोल्यातच होता. काळी कसदार जमीन आणि तिच्यावर कपाशी व ज्वारी, ही वऱ्हाडची ओळख.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि त्यांची नजर वऱ्हाडावर पडली. आपलं खामगाव बघता बघता कापसाची मोठी बाजारपेठ झालं. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत खास रेल्वेचा फाटा टाकला गेला. आज आपण त्या फाट्यावरून सहज जातो, पण तो टाकण्यामागचा हेतू कापूस लवकरात लवकर मुंबईच्या बंदरात पोचवणं हा होता.

कापसाने वऱ्हाडात पैसा आणला हे खरं. पण तो कुणाच्या हातात राहिला? मृग लागला की शेतकऱ्याला बी, बैल आणि घरखर्च यासाठी सावकाराकडे जावं लागे. धान्य उसनं घेतलं तर ते सवाईने किंवा दीडीने परत करायचं, म्हणजे एक पोतं घेतलं तर सव्वा किंवा दीड पोतं द्यायचं. दिवाळीच्या सुमाराला माल घरात आला की देणेकरी दारात उभा. सगळ्यांचा माल एकाच वेळी बाजारात आल्यामुळे भावही पडलेला. बाजारात तर आणखी गंमत. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी भाव ठरवत. ज्याचा कापूस, त्यालाच तो भाव कळत नसे. वर तोलाई, हमाली, कटती, धर्मादाय अशा नावांनी पैसे कापले जात.

हा प्रकार आवरावा म्हणून १८८६ मध्ये कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदाही झाला. देशातल्या बाजार समित्यांचा इतिहास इथूनच सांगितला जातो. पण त्या समित्यांमध्ये व्यापाऱ्यांचंच वजन जास्त होतं. पिकवणारा बाहेरच राहिला.

बालपण आणि शिक्षण

या परिस्थितीत १८९८ च्या डिसेंबरात पापळच्या एका शेतकरी घरात पंजाबरावांचा जन्म झाला. ते वर्षभराचे होत होते तेव्हाच १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ आला. जुनी माणसं त्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणत, कारण ते विक्रम संवत १९५६ होतं. ज्या प्रदेशातून कापसाच्या गाठी इंग्लंडला जात होत्या, तिथेच माणसं पोटाच्या मागे रानोमाळ फिरत होती. पैशाचं पीक आणि पोटाचं पीक यांचा तोल सुटला की काय होतं, हे त्या दुष्काळाने दाखवलं.

पंजाबरावांचं शिक्षण पापळ, चांदूर रेल्वे, कारंजा आणि अमरावती असं गाव बदलत झालं. पुढच्या शिक्षणासाठी ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. १९२० मध्ये ते इंग्लंडला निघाले. वडिलांनी त्यासाठी शेतीवर कर्ज काढलं. पालकहो, इथे क्षणभर थांबून विचार करा. कसणाऱ्याच्या घरात जमीन गहाण पडणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आपल्या जिल्ह्यात आजही कितीतरी आई-वडील मुलामुलींच्या शिक्षणासाठी असाच जीव धोक्यात घालतात.

एडिनबरोत त्यांनी संस्कृत घेऊन एम. ए. केलं. ऑक्सफर्डला वेदवाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. ज्या समाजातल्या लोकांना वेदाचा अधिकार नाही असं सांगितलं जाई, त्या समाजातल्या शेतकऱ्याच्या मुलाने थेट वेदांवर संशोधन केलं. सोबत बॅरिस्टरीही झाली. १९२६ मध्ये ते परत आले.

परतल्यावर काय केलं?

बॅरिस्टर माणसाने अमरावतीत वकिली करून बंगला बांधला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं. भाऊसाहेबांनी वकिली केली, पण मन त्यात अडकवलं नाही. अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढून त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांची एकत्र राहण्या-जेवण्याची सोय केली. १९२७ मध्ये शेतकरी संघाची उभारणी सुरू केली. त्याच वर्षी त्यांनी विमलाबाईंशी आंतरजातीय विवाह केला. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून जो लढा झाला, त्यातही ते पुढे होते.

१९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. आजच्या भाषेत सांगायचं तर जिल्हा परिषदेसारखं पद. या पदावर असताना त्यांनी सार्वजनिक विहिरी दलितांसाठी खुल्या केल्या आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्यावर भर दिला.

ही कामं वरवर पाहता वेगवेगळी वाटतात. पण गावात ती एकमेकांत गुंतलेली असतात. ज्या गावात एका विहिरीवर सगळे पाणी भरू शकत नाहीत, त्या गावातले शेतकरी आणि मजूर एकत्र येऊन बाजारात भाव मागतील कसे? शेतकरी म्हणून उभं राहायचं तर आधी जातीच्या भिंती कमी व्हायला हव्यात, हे त्यांच्या कामाच्या क्रमातूनच दिसतं.

कर्ज लवाद कायदा : सोप्या भाषेत

१९३० मध्ये भाऊसाहेब मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदे कौन्सिलवर निवडून आले आणि मंत्री झाले. शिक्षण, कृषी, सहकार अशी खाती त्यांच्याकडे होती. नेमका तो जागतिक मंदीचा काळ. १९२९ नंतर कापसाचे भाव कोसळले. कर्ज घेतलं तेव्हा जेवढ्या कापसात ते फिटलं असतं, त्याच्या कितीतरी पट कापूस आता घालावा लागणार होता. पीक तेवढंच, कष्ट तेवढेच, पण देणं फुगलेलं. जमिनी पटापट सावकारांच्या नावावर चढू लागल्या.

अशा वेळी त्यांनी कर्ज लवादाचा आग्रह धरला आणि १९३३ मध्ये तसा कायदा झाला. अशा प्रकारचा कायदा करणाऱ्या प्रांतांमध्ये मध्यप्रांत अगदी सुरुवातीचा होता. मुलांना तो कसा समजावून सांगाल? असं सांगा :

१. कर्जबाजारी शेतकरी मंडळाकडे अर्ज करायचा.
२. सावकाराने आपला हिशेब मंडळापुढे ठेवायचा. मूळ रक्कम किती, व्याज किती, आतापर्यंत परत किती आलं, सगळं उघड.
३. मंडळ दोघांना समोरासमोर बसवून रास्त आकडा ठरवायचं.
४. ठरलेली रक्कम हप्त्यांनी फेडायची.
५. रास्त तडजोड नाकारणाऱ्या सावकाराला पुढे कोर्टात त्रास सोसावा लागे.

यातली दुसरी पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तोवर वही सावकाराच्या हातात आणि अंगठा शेतकऱ्याचा. हिशेब उघड्यावर आला की निम्मं भांडण तिथेच मिटतं. अर्थात या कायद्यालाही मर्यादा होती. जुनं कर्ज कमी झालं तरी पुढच्या मृगाला बी घ्यायला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न तसाच होता. त्यासाठी शेतकरी पुन्हा त्याच ओट्यावर जायचा. म्हणून भाऊसाहेब पुढे सहकाराच्या मागे लागले. १९३३ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं.

शाळा काढणं हेही शेतीचंच काम

१९३२ मध्ये अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था सुरू झाली. आज विदर्भभर तिच्या शाळा आणि महाविद्यालयं आहेत, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातही आहेत. हा लेख वाचणाऱ्यांपैकी काहीजण तिथेच शिकले असतील, काहीजण तिथेच शिकवत असतील.

शेतकऱ्याच्या मुलाला आकडेमोड आली तर त्याच्या बापाला वजनात फसवणं अवघड जाईल. कायदा वाचता आला तर गहाणखतावर डोळे झाकून अंगठा उमटणार नाही. या अर्थाने शाळा ही शेतीला लागणाऱ्या अवजारांपैकीच एक. आपण गणिताच्या तासाला सरळव्याज-चक्रवाढव्याज शिकवतो तेव्हा ते उदाहरण कधी बापाच्या पीककर्जावर बेतून पाहा. मुलं एकदम सावध होऊन ऐकतात.

दिल्लीतली वर्षं

भाऊसाहेब संविधान सभेचे सदस्य होते. तिथेही त्यांनी शेतकऱ्यांची आणि मागासवर्गीयांची बाजू मांडली. १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तिन्ही निवडणुकांत ते अमरावतीतून लोकसभेवर निवडून आले. १९५२ ते १९६२ या काळात ते केंद्र सरकारात मंत्री होते आणि कृषिमंत्री म्हणूनच देश त्यांना ओळखतो.

इथे शिक्षकांसाठी एक छोटी सूचना. भाषणांमध्ये भाऊसाहेबांना सरसकट देशाचे पहिले कृषिमंत्री म्हटलं जातं. १९४७ च्या मंत्रिमंडळात अन्न व कृषी खातं डॉ. राजेंद्रप्रसादांकडे होतं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर, १९५२ मध्ये, भाऊसाहेब केंद्रात आले. मुलांना हे नीट सांगितलं तर भाऊसाहेबांचं मोठेपण काही कमी होत नाही.

या दशकातली त्यांची तीन कामं लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

पहिलं, भातशेतीची जपानी पद्धत. १९५३ पासून तिची देशभर मोहीम झाली. गादीवाफ्यावर रोप तयार करायचं, बियाणं निवडून आणि कमी वापरायचं, लावणी ओळीत करायची, कंपोस्ट आणि खत द्यायचं, मधल्या जागेत कोळपणी करायची. यात रासायनिक खताचाही भाग होता, त्यामुळे तिला आजच्या अर्थाने सेंद्रिय म्हणता येणार नाही. पण तिचा गाभा लहान शेतकऱ्याला झेपणारा होता. मोठी यंत्रं नकोत, हात आणि निगा हवी. थोड्या जमिनीत नीट काम केलं तर जास्त पिकतं, हे त्यातून लोकांना दिसलं.

दुसरं, भारत कृषक समाज. १९५५ मध्ये स्थापन झालेली ही देशभरातल्या शेतकऱ्यांची संघटना. डॉक्टरांची संघटना असते, वकिलांची असते, व्यापाऱ्यांची असते, मग शेतकऱ्यांची का नसावी, असा साधा विचार त्यामागे होता.

तिसरं, जागतिक कृषी प्रदर्शन. १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत ते सुरू झालं. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर त्या वेळी आले होते. अमेरिका आणि रशिया यांचं शीतयुद्ध चालू असताना दोघांचीही दालनं एकाच मैदानात उभी होती आणि ती पाहायला धोतर-फेट्यातले शेतकरी लांबलांबून येत होते. ज्ञान शेतकऱ्यापर्यंत फक्त साहेबाच्या भाषणातून पोचत नाही, त्याने स्वतः डोळ्यांनी बघितलं की ते मनात बसतं. आज कृषी प्रदर्शनांना आपल्याकडे जी गर्दी होते, तिच्या मुळाशी हीच समज आहे.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत भाऊसाहेबांचं निधन झालं. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ सुरू झालं. आपला बुलढाणा जिल्हा याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो.

त्यांच्या नंतर आपली शेती कुठे आली?

भाऊसाहेब गेले त्याच सुमाराला हरितक्रांतीला सुरुवात झाली. संकरित ज्वारी आली, १९७० पासून संकरित कापूस आला, २००२ मध्ये बीटी कापूस आला. उत्पादन वाढलं, हे नाकारता येणार नाही. उपासमारीच्या भीतीतून देश बाहेर आला, हेही खरं. पण शेतकऱ्याच्या हिशेबात एक मोठा बदल झाला. पूर्वी बियाणं घरच्या कणगीतून निघायचं, खत उकिरड्यावर तयार व्हायचं. आता बियाणं, खत, कीटकनाशक, तणनाशक हे सगळं पेरणीआधीच रोखीने किंवा उधारीने आणावं लागतं. सावकाराच्या ओट्याची जागा बऱ्याच ठिकाणी कृषी केंद्राच्या उधारीच्या वहीने घेतली.

आपल्या जिल्ह्याकडे पाहा. घाटावर चिखली, मेहकर, लोणार या भागात आणि घाटाखाली खामगाव, नांदुऱ्याकडे सोयाबीन आणि कपाशी डोळ्यांत भरते. दोन्ही पिकं विकायची. घरात खायला लागणारी ज्वारी मागे हटली. ज्वारी गेली तशी भाकरीही कमी झाली आणि बैलांचा कडबाही गेला. बैल कमी झाले तसं शेणखत कमी झालं आणि जमिनीचा पोत उतरला. एक पीक बदललं की त्यामागे किती गोष्टी बदलतात, याचं हे आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण.

शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांमध्ये बुलढाण्याचं नाव वारंवार येतं. आपल्या वर्गांमध्ये अशा घरातली लेकरं बसतात. त्यांच्यासमोर शेतीचा धडा घेताना शब्द फार जपून वापरावे लागतात, हे आपण सगळे जाणतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा सगळं वऱ्हाड हादरलं होतं.

भाऊसाहेबांचं नाव आज कुठे भेटतं?

२०१८ मध्ये राज्य सरकारने डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन सुरू केलं. सुरुवातीला ते शेतकरी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी होतं : अमरावती, अकोला, वाशिम, यवतमाळ, वर्धा आणि बुलढाणा. पुढे नैसर्गिक शेती मिशन या नावाने ते राज्यभर नेण्यात आलं. जवळजवळच्या शेतकऱ्यांचे गट करायचे, त्यांना प्रशिक्षण द्यायचं, मालाचं प्रमाणीकरण करायचं आणि विक्रीसाठी एकत्र आणायचं, अशी त्याची मांडणी आहे.

अशा शेतीत नेमकं काय करतात? शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन यांपासून जीवामृत करतात, त्याने जमिनीतले जीवाणू वाढतात. निंबोळी अर्क आणि दशपर्णी अर्काने किडी आवरतात. कपाशीत तूर, मूग, उडीद अशी आंतरपिकं घेतात. डाळवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत आणतात. उताराला आडवी पेरणी करून पाणी आणि माती अडवतात. सरळ वाणाचं बियाणं घरी राखतात. अकोल्याच्या विद्यापीठानेच एकेए-७ सारखं देशी कपाशीचं वाण दिलेलं आहे, ज्याचं बी पुढच्या वर्षी वापरता येतं.

या सगळ्यात पहिला फायदा खर्च कमी होण्याचा. दुसरा, वर्ष वाईट गेलं तरी एखादं पीक हाताशी राहण्याचा. पण यात अडचणीही आहेत, त्या लपवू नयेत. सुरुवातीची दोन-तीन वर्षं उत्पादन घटू शकतं. मेहनत जास्त लागते आणि मजूर मिळत नाहीत. घरी जनावर नसेल तर शेण कुठून आणायचं? आणि एवढं करून तो माल नेहमीच्या बाजारात नेला, तर तिथे त्याला वेगळा भाव कुणी देत नाही.

म्हणजे गोष्ट परत बाजारावर आली. बिनविषारी भाजी पिकवणाऱ्याला ती खाणाऱ्यापर्यंत सरळ पोचता आलं पाहिजे. २०१६ मध्ये राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्याची मोकळीक मिळाली. त्याच वर्षी संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजार सुरू झाले, जिथे शेतकरी स्वतः माल विकतो. रुमालाखालच्या भावाशी याची तुलना करून पाहा. इथे भाव पाटीवर लिहिलेला, तराजू शेतकऱ्याच्या हातात आणि पैसे तिथल्या तिथे.

अर्थात सगळ्यांनी सगळंच स्वतः विकावं असं होणार नाही. ज्याच्याकडे पाच पोती सोयाबीन आहे तो ते घेऊन रस्त्यावर बसू शकत नाही. त्याला बाजार समिती लागते, शेतकरी उत्पादक कंपनी लागते, गोदाम लागतं. पण भाजी, डाळ, ज्वारी, हळद, तीळ, गूळ, अंडी अशा घरोघरी लागणाऱ्या वस्तू मात्र गावच्या गावात, तालुक्याच्या तालुक्यात फिरू शकतात.

पालकांसाठी आणखी एक गोष्ट. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना व्यावसायिक शिक्षणासाठी शहरात राहावं लागतं तेव्हा डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. बारावीनंतरच्या प्रवेशाच्या वेळी तिची चौकशी अवश्य करा. श्रद्धानंद छात्रालय काढणाऱ्या माणसाचं नाव वसतिगृहाच्या योजनेला असणं अगदी योग्य आहे.

वर्गात काय घेता येईल?

जयंतीच्या भाषणासोबत हे उपक्रम करून पाहा. खर्च काही नाही.

१. थाळीचा नकाशा : आज डब्यात काय आणलं ते मुलांनी लिहावं. त्यातलं काय घरच्या शेतातलं, काय गावातलं, काय बाहेरून आलेलं? तीन रंगांत दाखवावं. बरीच मुलं शेतकऱ्याची असूनही घरचं फारसं काही निघत नाही, हे त्यांचं त्यांनाच कळतं.

२. आठवडी बाजाराची भेट : पाचवी ते आठवीच्या मुलांनी पाच वस्तूंचे भाव लिहून आणावेत. विकणारा पिकवणारा आहे की व्यापारी, तेही विचारावं. मग शेकडेवारीचं उदाहरण करावं. समजा वांग्याचे शेतकऱ्याला किलोमागे १० रुपये मिळाले आणि गिऱ्हाइकाने ३० दिले, तर शेतकऱ्याचा वाटा किती टक्के?

३. आजी-आजोबांची मुलाखत : तुमच्या लहानपणी शेतात कोणती पिकं होती? बियाणं कुठून यायचं? पहिल्यांदा बियाणं विकत कधी आणलं? यातून गावाचा शेतीचा इतिहास तयार होतो.

४. शाळेची परसबाग : पोषण आहारासाठी परसबाग असेलच. तिच्यात एक वाफा देशी बियाण्यांचा ठेवा आणि पीक आल्यावर बी राखून पुढच्या वर्गाला द्या.

५. शेतीचा हिशेब : आठवी-नववीच्या मुलांनी घरच्या एक एकराचा जमा-खर्च पालकांच्या मदतीने मांडावा. मात्र घरातलं कर्ज वर्गात उघड होणार नाही, याची काळजी शिक्षकांनी घ्यावी. नावं न घालता, काल्पनिक शेतकरी ठरवून हे करता येतं.

विचारण्याजोगे प्रश्न

- भाऊसाहेबांनी शेतकरी संघटना आणि शाळा ही दोन्ही कामं सोबत का केली असतील?
- कर्ज लवाद मंडळापुढे सावकाराला हिशेब मांडावा लागल्याने काय फरक पडला?
- वऱ्हाडात कापूस भरपूर पिकत असतानाही १८९९-१९०० मध्ये माणसं उपाशी का राहिली?
- तुमच्या गावात शेतकऱ्यांचा बाजार भरवायचा असेल तर तुम्ही काय काय तयारी कराल?

शेवटी

भाऊसाहेबांचं आयुष्य पाहिलं तर एक गोष्ट सतत दिसते. शेतकरी शेतात कमी पडत नव्हता. त्याचं नुकसान होत होतं ते वहीत, तराजूवर आणि शाळेबाहेर राहिल्यामुळे. म्हणून त्यांनी वहीसाठी कायदा केला, बाजारात आवाज उठावा म्हणून संघटना केली आणि मुलांसाठी शाळा काढली. आज वहीचं रूप बदललंय, बाजाराचं बदललंय, पिकंही बदललीत. तरी आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यासमोर प्रश्न त्याच तीन ठिकाणचे आहेत.

त्यातली एक जागा आपल्या हातात आहे, ती म्हणजे वर्ग. आणि दुसरीही थोडीफार आहे. आपण पगारदार माणसं दर आठवड्याला भाजी घेतोच. ती कुणाकडून घ्यायची, हे आपण ठरवू शकतो. येत्या बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन निघाल तेव्हा मुलांनाही सोबत न्या, आणि पाटीमागे बसलेल्या माणसाला त्याचं गाव कोणतं, एवढं तरी त्यांना विचारू द्या.